वरून येणारा हात

कोंबडीच्या मागे धावणारा माणूस पाहिला की त्याचं वय, पद, शिक्षण सगळं गळून पडतं. कमरेत वाकलेला, हात पसरलेले, तोंडाने ‘ये ये’ असं गोड बोलणं चालू आणि डोळ्यांत मात्र खून. कोंबडी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबते आणि हात टेकणार तेवढ्यात तिसरीकडेच निघून जाते. बघणारे हसतात. धावणारा चिडतो, आणखी जोरात धावतो. एवढं झाल्यावर कोंबडीला मूर्ख ठरवून लोक मोकळे कसे होतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

मुळात हा सामनाच विषम आहे. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि मान न वळवता तिला जवळजवळ ३०० अंशांचा परिसर दिसतो. त्यामुळे ‘हळूच मागून जाऊन धरू’ या बेताला काही अर्थ नाही. तिला ‘मागे’ असं फारसं काही उरतच नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. अतिनील प्रकाशाचा काही भागही तिला दिसतो. भर उजेडात तिच्या नजरेशी स्पर्धा करायची नाही, हे आधी मान्य करून टाकलेलं बरं.

दुसरी गोष्ट नजरेपेक्षा खोलवरची आहे. घारीसारखा शिकारी पक्षी आकाशात दिसला की कोंबडा एक लांब, बारीक, चिरकी साद घालतो. जमिनीवरून एखादं जनावर येताना दिसलं की त्याचा आवाज बदलतो. मग तो तुटक तुटक कलकलाट करतो. ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे दोन्ही आवाज आधी ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवले. समोर ना पक्षी, ना जनावर. पहिला आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या, वर आकाशाकडे पाहू लागल्या. दुसरा ऐकून मान ताठ करून उभ्या राहिल्या आणि जमिनीलगत चहूकडे नजर फिरवू लागल्या. म्हणजे वरून येणारं संकट आणि खालून येणारं संकट यांची खाती तिच्या डोक्यात वेगळी आहेत, आणि दोन्हींवरचे उपायही वेगळे.

आता त्या वाकलेल्या माणसाकडे पुन्हा बघा. त्याची सावली वरून पडते. दोन हात दोन बाजूंना पसरलेले आणि त्यांच्या टोकांना वाकलेली बोटं. आपण मायेने जात असतो, पण तिच्या हिशेबी घार झेप घेत असते. कोंबड्या पाळायला लागल्यापासून मला सगळ्यात उपयोगी पडलेली समजूत हीच. घरच्या कोंबडीबाबत आपण जे जे करतो, म्हणजे तिला धरतो, मोकळं फिरवतो, औषध पाजतो, त्या सगळ्याचं यश आपण तिच्या दृष्टीने किती घार आहोत यावर ठरतं.

पाठलागाचं आणखी एक दुखणं आहे. कोंबडीच्या छातीचं मांस फिकट आणि पायाचं गडद असतं, ते उगाच नाही. छातीचे स्नायू एका झटक्यात उडून फांदी गाठण्यापुरते. जोर प्रचंड, पण लगेच थकणारे. पायांचे स्नायू दिवसभर चालण्यासाठी. त्यांत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन भरपूर असतं, म्हणून त्यांना तो रंग. दचकून उडणं ही तिची एका क्षणाची कमाल आहे, आणि पाठलागात आपण तिला ती पुन्हा पुन्हा करायला लावतो. त्यात तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि अंगाला घामाच्या ग्रंथी नाहीत. उष्णता बाहेर टाकायची ती चोच उघडून धापा टाकत, पंख अंगापासून दूर धरत, आणि तुऱ्यातून व गळ्याखालच्या लाल लोंबत्या कातडीतून. भरल्या अंगाची कोंबडी उन्हाच्या वेळी दामटत राहिलं तर ती हातात येते खरी, पण कधी कधी मरायलाच येते. डोळ्यांवर औषध घालायला धरलेली कोंबडी धरण्याच्या भानगडीतच दगावली, तर त्या औषधाला काय करायचं?

मग धरायची कधी? अंधार पडल्यावर. दिवसा आपल्याला हरवणारे ते डोळे संध्याकाळनंतर जवळजवळ रजेवर जातात. तिच्या दृष्टिपटलावर उजेडात काम करणाऱ्या पेशींचा भरणा असतो आणि मंद उजेडातलं पाहणाऱ्या पेशींची चणचण. खुराड्यातल्या दांडीवर एकदा सगळ्या बसल्या, पिसं फुगवून माना आत घेतल्या, की भल्या भल्या चवताळणाऱ्या कोंबड्याही नरमतात. मंद दिवा घ्यावा, तोही तोंडावर मारू नये. आवाज द्यावा, कारण अचानक झालेला स्पर्श अंधारातही घारच असतो. मग एक हात खालून, छातीच्या हाडाखाली सरकवायचा आणि दुसरा हात पंखांवरून अलगद ठेवायचा. छातीखालच्या हाताने जरासं मागे दाबलं की ती आपसूक दांडीवरून हातावर पाऊल टाकते. मला हा क्षण फार आवडतो. तिला उचलावं लागत नाही, ती स्वतःच चढते.

दिवसा धरायचीच वेळ आली तर धावण्याऐवजी जागा आक्रसत न्यायची. दोन माणसं, दोन फळ्या किंवा पुठ्ठे, आणि घाई अजिबात नाही. कोंबड्या एकेकट्या फुटून जाण्यापेक्षा घोळक्याने सरकतात. आपण कडेकडेने चालत राहिलो की त्या भिंतीलगत कोपऱ्याकडे जातात. कोपऱ्यात आली की उकिडवं बसायचं, म्हणजे आपली उंची आणि सावली दोन्ही कमी होतात, आणि हात बाजूने, तिच्या छातीच्या पातळीवरून न्यायचा. तंगडी धरून ओढू नये, सांधा निखळतो. पंख धरून तर मुळीच नको.

हातात आल्यावरचं काम अधिक नाजूक. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं, तिला ते नाही. तिची फुप्फुसं फुगत-आकसत नाहीत. शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारखं काम करतात, आणि तो भाता चालतो छातीचं हाड आणि बरगड्या हलण्यावर. त्यामुळे प्रेमाने घट्ट कवटाळलेल्या कोंबडीला श्वास घेता येत नाही. लहान मुलांच्या हाती कोंबडी देताना एवढं एक आधी शिकवावं. उलटी लटकवली तर पोटातला सगळा ऐवज त्या हवेच्या पिशव्यांवर येतो, आणि गळ्याशी असलेली अन्नपिशवी भरलेली असेल तर आतलं पाणी तोंडात येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोकं खाली, पाय वर अशी धरलेली कोंबडी शांत दिसते म्हणून लोकांना ती पद्धत बरी वाटते. ती शांत नसते, हतबल असते.

या शांततेची फसवणूक जुनी आहे. कोंबडीला जमिनीवर आडवी दाबून धरायची, तिच्या चोचीपासून पुढे खडूची रेघ ओढायची आणि हात काढून घ्यायचा; ती तशीच पडून राहते. आधी १६३६ साली डॅनिएल श्वेंटरने हे लिहून ठेवलं, पुढे १६४६ साली अथानासियस किर्खर या विद्वान धर्मगुरूने ‘अद्भुत प्रयोग’ म्हणून ते गाजवलं. रेघेला दोरी समजून कोंबडी स्वतःला बांधलेली मानते, असा त्याचा खुलासा होता. रेघेचा काही संबंध नाही, ती नसली तरी कोंबडी पडून राहते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहायचं आणि पकड सैल झाली की पळायचं, हा तिचा शेवटचा डाव आहे. जी जास्त घाबरलेली ती जास्त वेळ पडून राहते, म्हणून कोंबडीचं भय मोजायला संशोधक आज हेच माप वापरतात. कोंबडी ‘संमोहित’ करण्याच्या चित्रफिती पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की समोर पडलेलं ते जनावर त्या वेळी आपण मेलो असं भासवत असतं.

नीट धरायची पद्धत साधी आहे. तळहातावर तिची छाती, तिचे दोन्ही पाय आपल्या बोटांच्या मध्ये, पंख आपल्या अंगाशी किंवा दुसऱ्या हाताखाली मिटलेले, आणि डोकं आपल्या कोपराकडे, काखेच्या अंधारात. पायांना आधार असला की ती तडफडत नाही. फारच बिथरली असेल तर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळायची, छातीवर सैल ठेवून. आणि खाली सोडताना वाकून पाय जमिनीला टेकवायचे, एक क्षण तसंच धरायचं, मग हात काढायचे. उंचावरून सोडून दिली की भारी कोंबडीच्या तळपायांना मार बसतो, आणि सुटण्यासाठी तडफडावं लागतं हा धडा ती पक्का करून घेते.

पण हे सगळं तंत्र झालं. खरं काम रोजच्या हाताचं आहे. ज्या पिल्लांना रोज थोडा वेळ हाताळलं जातं त्यांचं माणसाबद्दलचं भय कमी होतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या पिल्लांना हाताळताना जी नुसती पाहतात त्यांचंही कमी होतं. मोठ्या कोंबडीलाही हे लागू पडतं, फक्त वेळ जास्त लागतो. मी दाणे टाकून निघून येत नाही, जमिनीवर बसते. हात जमिनीला टेकवून उताणा ठेवते. पहिले काही दिवस त्या हाताकडे कोणी फिरकत नाही. मग एखादी धीट कोंबडी बोटाच्या नखालाच टोचून बघते, आणि एकीने टोचलं की बाकीच्यांना राहवत नाही.

अंड्यावर आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, तर आणखी एक सवलत देतात. आपण जवळ गेलो की पंख किंचित पसरून, पाठ सपाट करून खाली बसतात. कोंबड्यापुढे बसायचं तेच हे बसणं, माणसापुढे केलेलं. पहिलं अंडं जवळ आल्याची ती खूण असते आणि उचलायलाही सोपं जातं. याला प्रेम समजून हुरळून जाणारे मी पाहिले आहेत. हुरळू द्यावं; कोंबडीचं काही बिघडत नाही.

औषधाच्या वेळीच तेवढा येणारा हात मात्र कायमचा घार राहतो. म्हणून माझ्याकडे एक अलिखित नियम आहे: कोंबडीला काही न करता धरण्याचे दिवस जास्त असले पाहिजेत. धरायची, मानेखाली जरा खाजवायचं, दाणा द्यायचा, सोडायची.

आता व्यायाम. कोंबडीला व्यायाम द्यायचा म्हणजे दोरी बांधून फिरवायचं असं काही जणांना वाटतं. लहान कुत्र्यासारखा पट्टा घातलेली कोंबडी मी पाहिली आहे. कोंबडी बिचारी दर पावलाला थबकत होती आणि मालक अभिमानाने चालत होते. ज्याची त्याची हौस. पण कोंबडीला चालायला लावावं लागत नाही, तिला चालण्याचं कारण लागतं. मॅरियन डॉकिन्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत प्राणिसंग्रहालयातल्या मोकळ्या रानकोंबड्या मिनिटामिनिटाने नोंदल्या होत्या. खाणं आयतं मिळत असूनही त्या ६० टक्के मिनिटांत जमीन टोचत आणि ३४ टक्के मिनिटांत माती उकरत होत्या. पोटाचा प्रश्न मिटला तरी पायांचा मिटत नाही. आपल्या घरच्या कोंबडीच्या अंगातही ती रानकोंबडीच आहे, अंडी जास्त घालणारी. वर्षाला दहा-पंधरा अंडी घालणाऱ्या पक्ष्यापासून माणसाने ३००च्या घरात अंडी देणारा पक्षी घडवला, पण उकरण्याची खोड काही जाईना.

त्यामुळे भांड्यात खाणं भरून ठेवणं हा मला कोंबडीवर केलेला उपकार वाटत नाही. मुख्य खाणं भांड्यात असू द्यावं, ते संतुलित असतं. पण दाण्यांची एखादी मूठ वाळक्या पाल्याच्या ढिगात विस्कटून द्यावी. तो ढीग त्या संध्याकाळपर्यंत सपाट करतात. दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा गोळा करते, त्या पुन्हा पसरवतात, आणि दोन्ही बाजूंना आपण काहीतरी महत्त्वाचं करतोय असं वाटत राहतं. पालेभाजीची जुडी त्यांच्या डोक्याच्या जरा वर टांगली तर उड्या मारून खातात. आयतं अन्न शेजारी असतानाही कष्टाने मिळणारं थोडं तरी खायचं, ही सवय अनेक प्राण्यांत आहे. रानकोंबड्यांत ती अंड्यांसाठी पैदास केलेल्या पांढऱ्या लेगहॉर्नपेक्षा जास्त दिसते.

बसून राहणाऱ्या कोंबडीचं काय होतं, ते यकृतात दिसतं. भरपूर ऊर्जेचं खाणं, अंडी घालण्याच्या काळातले संप्रेरक आणि हालचाल नाही, या तिघांनी मिळून यकृतात चरबी साठते. ते पिवळट, ठिसूळ होतं आणि एखाद्या उन्हाच्या दिवशी आतल्या आत फुटून रक्तस्राव होतो. आदल्या दिवशीपर्यंत छान अंडी देणारी, गुबगुबीत, तुरा लालभडक असलेली कोंबडी अचानक मरून पडते. ‘कुणाची नजर लागली’ म्हणण्याआधी तिला उकरायला किती जागा होती ते पाहावं. हाडांचंही तसंच. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यातलं बरंचसं रात्री लागतं, आणि खाण्यातून पुरलं नाही तर ते ती स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की जिला हवा ती हवा तेवढा खाते. अंड्यावर न आलेल्या पिल्लांना मात्र अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाणं देऊ नये. इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

चढण्याबद्दल एक सांगायला हवं. कोंबडीला उंचावर झोपायला आवडतं म्हणून आपण दांडी उंच लावतो आणि तिचं चढणं पाहून समाधान मानतो. अवघड असतं ते उतरणं. सकाळी घाईत उडी टाकताना भारी कोंबड्या आपटतात. छातीच्या हाडाला तडे जाण्यात या आपटण्यांचा मोठा वाटा आहे, आणि उतरती फळी लावली की पडणं आणि तडे दोन्ही कमी होतात. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे पाय घसरत नाही. फळी लावल्यावर पहिले काही दिवस त्या तिच्याकडे संशयाने बघतात. वर थोडे दाणे टाकले की संशय फिटतो.

आणि धूळ. कोरड्या मातीत खळगा करून, अंग टाकून, पंखांनी धूळ पिसांच्या मुळापर्यंत उडवून घ्यायची, हे साधारण दर एका दिवसाआड आणि बराच वेळ, अर्ध्या तासापर्यंत चालतं. पिसांवरचं शिळं तेल त्याने निघतं, उवांनाही ते सोसत नाही. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, कारण एका कुशीवर पाय ताणून पडलेली कोंबडी मेल्यासारखी दिसते. तिला उचलायला धावू नये. उन्हातल्या एवढ्या सुखातून कुणी उठवलं तर कुणाला आवडेल?

व्यायाम आणि उपचार जिथे एकमेकांत मिसळतात अशी एक जागा म्हणजे पाय फाकलेलं पिल्लू. गुळगुळीत कागदावर किंवा फरशीवर उबवून बाहेर पडलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि ते पोटावर पडून राहतं. हाडं-सांधे अजून कोवळे असतात, म्हणून पहिल्या काही दिवसांत इलाज होतो: दोन पायांमध्ये नेहमीइतकं अंतर राहील अशी मऊ चिकटपट्टीची बेडी आणि पायाखाली खरखरीत कापड. मग त्याला थोडा थोडा वेळ उभं करायचं, पडलं की पुन्हा. पिल्लाची चिकाटी पाहून आपल्याला लाज वाटते. बोटं आत वळलेली असतील तर ती वेगळी गोष्ट. तिथे बहुधा ब२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं आणि बेडीचा उपयोग नाही.

उपचाराची सुरुवात चालण्याकडे पाहण्यात आहे. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळी दिसणारी आधी टोचली जाते आणि शिकाऱ्यालाही आधी सापडते. आपल्याला ती आजारी दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून सकाळी दार उघडताना कोण मागे राहिली, कोण दाण्याकडे धावण्याचं नाटक करून प्रत्यक्षात टोचत नाही, कुणाची शेपटी खाली आहे, हे पाहण्यात माझा चहा थंड होतो. आणि इथे त्या रोजच्या हाताचं व्याज मिळतं. अंगावर पिसांचा एवढा बोजा असतो की बारीक झालेली कोंबडी डोळ्यांना कळत नाही. हाताला कळते: छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं की समजावं. स्वयंपाकघरातला काटा याहून चोख. वजनाची वही ठेवली की घट आधी तिथे दिसते.

हातात घेतल्यावर अन्नपिशवी चाचपावी. रात्री झोपताना भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही गच्च, पिठाच्या गोळ्यासारखी लागली तर लांब गवत किंवा दोरा अडकलेला असतो. पाण्याने भरल्यासारखी डुबडुबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर बुरशी. उलटी धरून ती पिळून काढायचा उपाय फार लोक सांगतात. त्यात कोंबडी गुदमरते, करू नये. मग शेपटीखाली पाहावं. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. पायाचे खवले उचलले गेले, पाय खडबडीत आणि जाड झाले, तर खवल्यांखाली किडे आहेत. कोमट पाण्याने धुऊन, जुन्या ब्रशने हलकेच घासून, पेट्रोलियम जेली चोपडत राहिलं की ते गुदमरून मरतात, मात्र खवले झडून नवे यायला धीर धरावा लागतो. रॉकेल लावू नये. तळपायावर काळी खपली आणि खाली गाठ असली तर जंतू आत गेलेले आहेत. लहान असेल तर मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून, स्वच्छ पट्टी बांधून, मऊ भुशावर ठेवून भागतं. मोठी असेल तर ते चिरण्याचं काम डॉक्टरचं.

लाल किड्यांची गोष्ट वेगळी, कारण ते दिवसा कोंबडीवर नसतातच. दांडीच्या फटींत, खिळ्यांच्या भोकांत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी कितीही तपासा, काही सापडत नाही आणि तुरा मात्र फिका पडत जातो. रात्री दांडीखालून पांढरा कागद फिरवला आणि त्यावर लाल ठिपके चिरडले, की चोर सापडला. न खाता ते कित्येक महिने जगतात, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. औषध कोंबडीपेक्षा लाकडाला जास्त लागतं, आणि आठवड्याने पुन्हा, कारण अंड्यांतून नवी फौज निघालेली असते.

औषध पाजण्यात लोक घाई करतात. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं. सरळ समोरून पिचकारी मारली तर औषध थेट फुप्फुसाकडे जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा, ती गिळते, मग पुढचा. पिल्लांना रक्ताळलेली हगवण लागली, पंख गळाले, ती एकमेकांना बिलगून उभी राहिली तर बहुधा कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असतो. ओल्या भुशात तो एकदोन दिवसांत संसर्गाला तयार होतो. अँप्रोलियम पाण्यातून देतात आणि त्या काळात ब१ जीवनसत्त्व देत नाहीत, कारण औषध त्या जीवनसत्त्वाचीच नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं. पण भुसा ओलाच राहिला तर औषध संपताच सगळं पुन्हा सुरू. आणि प्रतिजैविकं मात्र ‘मागच्या वेळची उरली होती’ म्हणून द्यायची नाहीत. आजार विषाणूचा असेल तर ती निरुपयोगी, अंड्यांत त्यांचा अंश उतरतो तो वेगळाच. किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरला विचारावं.

अंडं अडकलेली कोंबडी उभ्यानेच कुंथते, शेपटी वर-खाली करते, पेंग्विनसारखी ताठ चालते. कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवून, मग अंधाऱ्या उबदार जागेत ठेवून, कॅल्शियम देऊन पुष्कळदा सुटते. ज्या कोंबडीला हातावर बसायची सवय आहे ती पाण्यात स्वस्थ बसते, डोळे मिटते. जिला नाही ती टब उलटवते. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नये. आत फुटलं तर प्रकरण हाताबाहेर जातं.

काही आजारांपुढे आपला हात थिटा. एक पाय पुढे, एक मागे अशी लुळी पडलेली तरुण कोंबडी पाहिली की मॅरेक्स या विषाणूच्या, गाठी आणणाऱ्या रोगाचा संशय येतो. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. लस एक दिवसाच्या पिल्लाला देतात. ती गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही, आणि आजार झाल्यावर इलाज नाही. मानमोडीवरही तसंच, लस हाच उपाय. देवीचे फोड मात्र तोंडात-घशात नसतील तर बहुधा आपोआप सुकतात; ते खरवडू नयेत, डासांचा बंदोबस्त करावा. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मरू लागल्या, तुरे निळसर पडले, तर बर्ड फ्लूची शंका धरून उघड्या हाताने काहीही शिवायचं नाही आणि पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. एरवीही कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीकडेही साल्मोनेला असू शकतो. मुलांना कोंबडीची पापी घेऊ देऊ नये, ती कितीही गोड दिसली तरी.

उरतो तो बरी झाल्यानंतरचा प्रश्न, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. थॉर्लाइफ श्येल्डरूप-एबे हा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा. कोण कुणाला टोचतं याची ठरलेली उतरंड असते, हे त्याने १९२१च्या सुमारास मांडलं. ती उतरंड ओळखीवर टिकते. आजारी कोंबडी वेगळी काढून काही आठवडे नजरेआड ठेवली की तिची पायरी जाते, आणि परत सोडली की जिने पूर्वी तिच्यापुढे मान खाली घातली तीही चाल करून येते. अंगावर जखमेचा लाल डाग दिसत असेल तर बाकीच्या तिथेच टोचतात. जेंशियन व्हायोलेट लावलं की निदान तो रंग झाकला जातो. संसर्गाचा आजार नसेल तर तिला पहिल्यापासून जाळीपलीकडे, सगळ्यांना दिसेल अशीच ठेवावी. परत सोडताना रात्री दांडीवर नेऊन बसवावी आणि सकाळी दार उघडायला आपण हजर असावं. खाण्यापाण्याची भांडी दोन ठिकाणी हवीत, एकमेकांपासून दूर, म्हणजे एकीने दोन्हींवर पहारा करता येत नाही. मध्ये एखादी फळी तिरकी उभी करावी, नजर चुकवायला. थोडी टोचाटोची होणारच, ती होऊ द्यावी. रक्त आलं तरच मध्ये पडावं, आणि उचलायची ती टोचणारीला. मार खाणारीला काढून घेतलं तर तिची पायरी आणखी घसरते. दांडगीला मात्र दोन-तीन दिवस बाजूला ठेवलं, की परत आल्यावर नवीन ती ठरते.